हिटलरला सत्ता मतदारांनी दिली की आणखी कोणी?

प्रश्न असा आहे: दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात एकामागून एक हुकूमशाह्या का उभ्या राहिल्या? व्हर्सायचा अपमानास्पद तह आणि 1929 ची महामंदी ही पाठ्यपुस्तकातली दोन कारणे पुरेशी आहेत का? आणि हिटलरला तर जर्मन लोकांनीच निवडून दिले होते, मग दोष द्यायचा कोणाला?

आधुनिक युरोपचा इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न या ना त्या रूपात दर वर्षी भेटतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. संकटाने या पक्षांना मते मिळवून दिली हे खरे, पण नुसत्या मतांच्या बळावर त्यांना सत्ता मिळाली नाही. सत्ता त्यांच्या हाती दिली ती संसदेला कंटाळलेल्या, समाजवाद्यांना घाबरलेल्या आणि काट्याने काटा काढता येईल अशा भरवशावर असलेल्या जुन्या प्रस्थापितांनी: राजाने, वृद्ध राष्ट्राध्यक्षाने, माजी पंतप्रधानांनी, जमीनदारांनी, सेनाधिकाऱ्यांनी. मतदारांची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, पण प्रश्न ‘लोक वेडे का झाले’ इथून निघून ‘दार आतून कोणी उघडले’ इथे येतो, आणि तिथे कागदपत्रे भरपूर बोलतात.

आधी व्हर्सायचा तह पाहू. पराभवाचा अपमान हे मुख्य कारण असते तर फॅसिझमचा जन्म जर्मनीत व्हायला हवा होता. तो झाला इटलीत, आणि इटली तर युद्ध जिंकलेल्या बाजूला होती. विजय मिळूनही पदरात काही पडले नाही ही इटालियनांची तक्रार खरी होती, पण ती पराभूताची तक्रार नव्हे. जर्मनीपुरते पाहिले तरी तारखा जुळत नाहीत. 1921 मध्ये जर्मनीवर 132 अब्ज सुवर्ण मार्कांची युद्धखंडणी लादली गेली आणि 1923 मध्ये चलनाचे मोल कागदाइतकेही उरले नाही. तरीही मे 1928 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी 2.6 टक्के मते आणि 12 जागा मिळाल्या. उलट जुलै 1932 मध्ये लोझान परिषदेने युद्धखंडणी जवळजवळ निकालात काढली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत नाझींनी 37.3 टक्के मतांचा तोवरचा उच्चांक गाठला. तहाचा राग हे भाषणांसाठी उत्तम इंधन होते. पण ते इंधन दहा वर्षे तसेच पडून होते, हे विसरता कामा नये.

मंदीचे कारण अधिक वजनदार आहे. 1932 च्या आरंभी जर्मनीत नोंदलेले बेकारच 60 लाखांच्या वर होते. पण इथेही एक गाठ आहे: बेकार झालेले औद्योगिक कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले होते. नाझींना भरभरून मते दिली ती उत्तर आणि पूर्व जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट खेड्यांनी आणि लहान गावांनी, म्हणजे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, कारागिरांनी आणि पेन्शनरांनी. जुलै 1932 मध्ये ज्या एकमेव मतदार विभागात त्यांना निम्म्याहून अधिक मते पडली तो श्लेस्विग-होल्स्टाइन हा शेतकऱ्यांचा प्रदेश. कॅथलिक भागांत त्यांना तुलनेने कमी मते मिळत होती. शिवाय मंदी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही आली होती. तिथे सरकारे बदलली, राज्यव्यवस्था नाही.

आता इटलीकडे येऊ, कारण पुढच्या सगळ्यांनी नक्कल केली ती तिथल्या खेळीची. 23 मार्च 1919 रोजी मिलानमध्ये मुसोलिनीने आपली फॅसिस्ट संघटना स्थापन केली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. मग 1920 च्या सप्टेंबरमध्ये उत्तरेकडच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटनांनी मजुरीचे दर आणि कामावर कोणाला घ्यायचे हेसुद्धा ठरवायला सुरुवात केली. जमीनदारांना रशियातली क्रांती उंबरठ्यावर दिसू लागली. तेव्हापासून फॅसिस्टांच्या, म्हणजे काळ्या डगलेवाल्यांच्या, टोळ्या रात्री ट्रकमधून गावोगाव जाऊ लागल्या. समाजवादी कचेऱ्या जाळायच्या, सहकारी भांडारे फोडायची, पुढाऱ्याला झोडपायचे आणि एरंडेल पाजून त्याची गावभर नाचक्की करायची, असा हा कार्यक्रम असे. पैसा जमीनदारांचा होता आणि पोलीस बहुतेक ठिकाणी डोळेझाक करत होते.

ही डोळेझाक एका धोरणाचा भाग होती. ज्येष्ठ उदारमतवादी पंतप्रधान जोलित्ती यांनी मे 1921 च्या निवडणुकीत फॅसिस्टांना स्वतःच्या सरकारी आघाडीच्या यादीत घेतले. समाजवाद्यांना चाप बसेल आणि सत्तेची चव चाखली की ही मंडळी माणसाळतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यातून 535 जणांच्या सभागृहात 35 फॅसिस्ट आले. संख्या क्षुल्लक होती, पण कालपर्यंत दंगलखोर ठरलेल्यांना प्रतिष्ठेचा शिक्का मिळाला.

ऑक्टोबर 1922 मधली ती ‘रोमवरची चाल’ चित्रांतून आणि फॅसिस्टांच्या पुढच्या प्रचारातून फार भव्य दिसते. प्रत्यक्षात 25 ते 30 हजार अर्धवट हत्यारबंद तरुण पावसात भिजत रोमबाहेर थांबले होते आणि राजधानीतली लष्करी शिबंदी त्यांना हुसकावून लावायला पुरेशी होती. 28 ऑक्टोबरच्या पहाटे पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारण्याचा ठराव केला. सकाळी ते कागद घेऊन राजाकडे गेले आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही करण्यास नकार दिला. हे सगळे घडत असताना मुसोलिनी मिलानमध्ये बसून वाट पाहत होता. राजाचे बोलावणे आल्यावर तो रात्रीच्या आगगाडीने निघाला आणि 30 तारखेला सकाळी रोममध्ये उतरला. म्हणजे चाल करून जाणारे सैनिक शहराबाहेर असतानाच त्यांच्या नेत्याची पंतप्रधानपदी नेमणूक झाली होती. पुढच्याच महिन्यात सभागृहाने 306 विरुद्ध 116 मतांनी विश्वास व्यक्त केला आणि त्या 306 मध्ये जोलित्ती, ओर्लांदो, सालांद्रा असे माजी पंतप्रधान होते. फॅसिस्ट मंत्री मोजकेच होते. बाकी उदारमतवादी, कॅथलिक, राष्ट्रवादी आणि सेनापती.

तिथून पूर्ण हुकूमशाहीपर्यंत जायला मुसोलिनीला सुमारे चार वर्षे लागली, आणि या चार वर्षांत त्याला थांबवण्याची संधी निदान एकदा तरी स्पष्टपणे आली होती. 1923 च्या निवडणूक कायद्याने सर्वांत मोठ्या यादीला, तिला 25 टक्के मते मिळाली असतील तर, दोन तृतीयांश जागा बहाल केल्या. मारहाणीच्या छायेत एप्रिल 1924 ची निवडणूक झाली. 30 मे रोजी समाजवादी नेते जाकोमो मात्तेओत्ती यांनी सभागृहात उभे राहून तिचे वाभाडे काढले आणि 10 जून रोजी भर रोममध्ये त्यांना मोटारीत कोंबून पळवण्यात आले व ठार मारण्यात आले. देश हादरला, मुसोलिनीचे आसन खरोखर डळमळले. विरोधी सभासदांनी सभागृह सोडले आणि राजा आता काहीतरी करील म्हणून ते थांबले. राजाने काहीच केले नाही. 3 जानेवारी 1925 रोजी मुसोलिनीने सभागृहात सगळ्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली, आणि ती घेऊनही काही बिघडत नाही हे दाखवून दिले. नोव्हेंबर 1926 पर्यंत इतर पक्ष, स्वतंत्र वृत्तपत्रे आणि विरोधी सभासदांच्या जागा सगळे संपले. आश्चर्य वाटेल, पण 1848 ची राज्यघटना रद्द करण्याची गरज त्याला कधीच पडली नाही.

हा सगळा रक्तरंजित भाग दूरवरून दिसत नसे, दिसे ती शिस्त. रवींद्रनाथ टागोर 1926 मध्ये इटलीला गेले, सुरुवातीला प्रभावित झाले आणि लगेचच त्यांनी जाहीरपणे टीका केली. डॉ. बा. शि. मुंजे मार्च 1931 मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या मुलांच्या निमलष्करी संघटनांचे शिक्षण त्यांना भावले. पुढे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल त्यांनीच काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गांधीजींचीही मुसोलिनीशी भेट झाली. 1921 मध्ये पोच्या खोऱ्यात काय घडले होते ते अशा पाहुण्याला कोण दाखवणार?

जर्मनीत हीच कथा अधिक कायदेशीर कागदांवर लिहिली गेली. 1923 च्या म्यूनिकमधल्या फसलेल्या उठावातून हिटलरने धडा घेतला होता की लष्कराच्या विरोधात जाऊन सत्ता मिळत नाही. पण पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेल्या वायमार लोकशाहीचा पाया त्याच्या आधीच दुसऱ्यांनी खणायला घेतला. मार्च 1930 मध्ये हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले ते बेकारी विम्याच्या हप्त्यात अर्धा टक्का वाढ करावी की नाही या वादावर. ते बहुमताच्या बळावर चाललेले शेवटचे सरकार ठरले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग आणि त्यांच्या भोवतीचे सेनाधिकारी व जमीनदार यांनी ठरवून संसदेला वळसा घातला. राज्यघटनेच्या कलम 48 मध्ये आणीबाणीचे वटहुकूम काढण्याची तरतूद होती, आणि कलम 25 नुसार राष्ट्राध्यक्ष राइशस्टाग, म्हणजे संसद, विसर्जित करू शकत होते. ही दोन कलमे एकत्र वापरली की काय होते ते जुलै 1930 मध्ये दिसले: सभागृहाने चॅन्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) ब्रूनिंग यांचा वटहुकूम फेटाळला, तर सभागृहच बरखास्त झाले. त्या अनावश्यक निवडणुकीत नाझींच्या जागा 12 वरून 107 झाल्या. 1932 या संपूर्ण वर्षात राइशस्टागने फक्त 5 कायदे केले. वटहुकूम मात्र साठीच्या घरात निघाले. हिटलर चॅन्सेलर होण्याआधीच जर्मन नागरिकाला संसदेशिवाय चालणाऱ्या राज्यकारभाराची सवय झाली होती, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे पण सर्वांत कमी शिकवले जाणारे सत्य वाटते.

याच मालिकेतली आणखी एक घटना पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते. जर्मनीची जवळजवळ तीन पंचमांश लोकसंख्या प्रशिया या एका राज्यात होती आणि तिथले पोलीस खाते सोशल डेमोक्रॅटांच्या ताब्यात होते. 20 जुलै 1932 रोजी चॅन्सेलर पापेन यांनी कलम 48 वापरून ते राज्य सरकारच बडतर्फ केले. सहा महिन्यांनी हिटलर सत्तेवर आला तेव्हा प्रशियाचे पोलीस हिटलरचा सहकारी गोरिंग याच्या हाती आयतेच आले, आणि त्याने फेब्रुवारी 1933 मध्ये नाझी व राष्ट्रवादी दलांतल्या सुमारे 50 हजार माणसांना दंडाला पट्टी बांधून सहायक पोलीस करून टाकले. हत्यार पापेन यांनी घडवले, वापरले दुसऱ्याने.

आता ‘निवडून दिले’ या मुद्द्याविषयी. हिटलर 1932 च्या वसंतात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि हिंडेनबुर्ग यांच्या 53 टक्क्यांसमोर 36.8 टक्क्यांवर हरला. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने 20 लाख मते गमावली आणि तो 33.1 टक्के मते व 584 पैकी 196 जागांवर आला. पक्षाची तिजोरी रिकामी होती, कार्यकर्ते नाउमेद झाले होते. नेमक्या याच पडत्या काळात त्याला सत्ता मिळाली, कारण पदावरून गेलेल्या पापेन यांना आपले उत्तराधिकारी श्लायशर यांच्यावर सूड उगवायचा होता. 4 जानेवारी 1933 रोजी कलोनमध्ये बँकर श्रोडर यांच्या घरी पापेन आणि हिटलर यांची बोलणी झाली, पुढे राष्ट्राध्यक्षांचे मन वळवले गेले आणि 30 जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन होते: हिटलर, फ्रिक आणि गोरिंग. आपण त्याला चारी बाजूंनी वेढले आहे आणि दोन महिन्यांत कोपऱ्यात दाबून टाकू, अशी फुशारकी व्हाइस चॅन्सेलर पापेन मारत होते. त्या तिघांकडे देशाचे आणि प्रशियाचे गृहखाते आहे, म्हणजे पोलीस आहेत, याचा अर्थ त्यांना कळला नाही असे म्हणणे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. पोलीस आपल्या शत्रूंवर सोडले जातील एवढेच त्यांनी पाहिले.

27 फेब्रुवारीला राइशस्टागची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्ग यांच्या सहीने निघालेल्या वटहुकुमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, टपालाची गुप्तता हे सारे हक्क स्थगित झाले. बिनाचौकशी अटकेचा आधार पुढची बारा वर्षे हाच वटहुकूम होता. एवढी दहशत असूनही 5 मार्चच्या निवडणुकीत नाझींना 43.9 टक्केच मते मिळाली. स्वबळावर बहुमत त्यांना कधीही मिळाले नाही.

मग 23 मार्च 1933 चा दिवस. जळालेल्या इमारतीऐवजी सभागृह क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये भरले होते. बाहेर आणि आत, मार्गिकांमध्ये तपकिरी गणवेशातले नाझी उभे होते. समोर विधेयक होते ते सरकारला संसदेविना कायदे करण्याचा, अगदी घटनेला सोडूनही कायदे करण्याचा, चार वर्षांसाठी अधिकार देणारे. त्यासाठी 647 पैकी दोन तृतीयांश, म्हणजे 432 सभासद हजर लागत, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मते लागत. 81 कम्युनिस्ट तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. 120 सोशल डेमोक्रॅट बाहेर राहिले असते तर 446 उरले असते, आणि आणखी पंधरा जण गैरहजर राहिले तरी गणपूर्ती मोडली असती. हा हिशेब गोरिंगनेही केला होता, म्हणून त्याच दिवशी कामकाजाचे नियम बदलून विनापरवानगी गैरहजर असलेल्यांना हजर समजण्यात आले. शेवटी 444 विरुद्ध 94 असे मतदान झाले. विरोधातले सगळे 94 सोशल डेमोक्रॅट. त्यांच्या वतीने ओटो वेल्स बोलले, आणि त्या सभागृहात तसे बोलायला काय छाती लागली असेल याची कल्पना करावी.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. मतदान केलेल्या 538 जणांच्या दोन तृतीयांश म्हणजे 359. नाझी आणि त्यांचे राष्ट्रवादी साथीदार मिळून 340 होते. कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि त्याचा बव्हेरियातला भाऊबंद पक्ष या दोघांनी मिळून विरोध केला असता तर विधेयक त्या दिवशी त्या नियमांनी पडले असते. सेंटर पक्षाचे अध्यक्ष, धर्मगुरू लुडविग कास, यांनी हिटलरकडे लेखी हमी मागितली. पत्र पाठवले आहे असे त्यांना सांगण्यात आले, पत्र आले नाही, आणि पक्षाने तरीही बाजूने मतदान केले. विधेयक पडले असते तर हिटलरने बळ वापरले असते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो बहुधा खराही आहे. पण उघड बळजबरीने आलेल्या राजवटीच्या हुकमांना न्यायाधीश, कारकून आणि सेनाधिकारी यांनी इतक्या निर्वेधपणे ‘कायदा’ म्हटले असते का, याची मला शंका आहे. त्यानंतरची घसरण वेगाने झाली: 2 मे रोजी कामगार संघटना मोडल्या, 14 जुलैला नाझींखेरीज सर्व पक्षांवर बंदी आली.

डाव्यांचीही चूक मोजावी लागते. मॉस्कोच्या आदेशावरून जर्मन कम्युनिस्ट 1928 नंतर सोशल डेमोक्रॅटांनाच फॅसिस्टांचे भाऊ म्हणत राहिले, आणि दोघांना मिळून नोव्हेंबर 1932 मध्ये नाझींपेक्षा अधिक मते असतानाही ते कधी एकत्र आले नाहीत. सोव्हिएत संघातली वाट मात्र मुळातच वेगळी होती. तिथे निवडून आलेली घटना समिती जानेवारी 1918 मध्येच पांगवली गेली होती, 1921 मध्ये पक्षांतर्गत गटांवर बंदी आली, आणि 1922 पासून सरचिटणीस असलेल्या स्टालिनने नेमणुकांच्या जोरावर आधी पक्ष आणि मग देश मुठीत घेतला. जुन्या उच्चभ्रूंनी दार उघडण्याचा प्रश्नच नव्हता, ते उच्चभ्रू उरलेच नव्हते. म्हणून इटली-जर्मनीचे स्पष्टीकरण रशियाला जसेच्या तसे लावू नये. पोलंड, पोर्तुगाल, युगोस्लाव्हिया, ग्रीस इथल्या राजवटीही वेगळ्या ठेवाव्यात; तिथे विरोधकांचे तोंड बंद केले गेले, पण शाळा, क्लब, फावला वेळ आणि घरातले बोलणे यांसह सारे आयुष्यच पक्षाच्या कब्जात घेण्याची हाव त्या सेनापतींना आणि राजांना सहसा नव्हती.

माझ्या म्हणण्याची कसोटी उलट उदाहरणांवर घ्यायला हवी. फिनलंडमध्ये लापुआ या कट्टर उजव्या चळवळीने कम्युनिस्टांवर बंदी घालायला लावली होती आणि राष्ट्राध्यक्ष स्विन्हूफवूद हे 1931 मध्ये तिच्याच पाठिंब्याने निवडून आले होते. 1932 मध्ये मॅन्तसॅला इथे या चळवळीने सशस्त्र बंड केले तेव्हा त्याच कट्टर पुराणमतवादी राष्ट्राध्यक्षांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी जायला सांगितले. बंड विरले आणि चळवळीवर बंदी आली. बेल्जियममध्ये लेऑन देग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या पक्षाने 1936 मध्ये 21 जागा जिंकल्या होत्या. पण एप्रिल 1937 च्या ब्रसेल्समधल्या पोटनिवडणुकीत कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट या सर्वांनी पंतप्रधान वान झीलांड यांना पाठिंबा दिला, कार्डिनलने देग्रेलला मत देऊ नये असे स्पष्ट सांगितले, आणि तो सुमारे 19 टक्क्यांवर आपटला. दोन्ही देशांत मंदी होती, साम्यवादाची भीती होती, गणवेशातले तरुण होते. फरक उजव्या बाजूच्या प्रतिष्ठितांच्या निर्णयात होता.

शेवटी इटली आणि जर्मनी यांतला एक भेद सांगतो, कारण ‘मग हिटलरला हटवता का आले नाही’ हा पुढचा प्रश्न येणारच. इटलीत राजाने सत्ता दिली होती आणि राजपद कायम राहिले होते. म्हणून 25 जुलै 1943 रोजी, फॅसिस्ट महापरिषदेतल्या 19 जणांनी मुसोलिनीविरुद्ध मत दिल्यानंतर, त्याच राजाने त्याला पदावरून दूर केले आणि अटक करवली. जर्मनीत 1933 च्या त्या विधेयकात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार अबाधित राहतील असे स्पष्ट लिहिले होते. 1 ऑगस्ट 1934 रोजी, हिंडेनबुर्ग मरणशय्येवर असताना, मंत्रिमंडळाने राष्ट्राध्यक्षपद चॅन्सेलरपदात विलीन करणारा कायदा केला. दुसऱ्या दिवशी ते वारले आणि त्याच दिवशी सैन्याने हिटलरच्या नावाने व्यक्तिगत निष्ठेची शपथ घेतली. त्याला काढण्याचा अधिकार असलेले पदच त्यानंतर जर्मनीत उरले नाही, आणि 20 जुलै 1944 रोजी ज्या अधिकाऱ्यांनी त्याच्या मुख्यालयात बाँब ठेवला त्यांच्यापुढे दुसरा कोणताही घटनात्मक मार्ग नव्हता.